वर्गणीदार, जाहिरातदार आणि जागेचा मालक



या व्यासपीठावरून आजवर विद्वान बोलत आले. मी विद्वान नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा इतिहासाच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेली तीस वर्षे मी पावतीपुस्तक घेऊन लोकांकडून वर्गणी गोळा करीत आहे. आजचा माझा विषयही वर्गणीचाच आहे. ही वर्गणी संघटनेची नव्हे. एकट्या-दुकट्या माणसाने काही लिहावे, बोलावे, दाखवावे, आणि ज्या थोड्या लोकांना त्याची गरज आहे त्यांनी त्याचे पोट चालवावे, या व्यवहाराचा हा इतिहास आहे.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. सातपूरला माझ्याबरोबर काम केलेल्या एका सोबत्याची मुलगी एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. संध्याकाळी घरी आल्यावर ती मोबाइलसमोर बसते आणि कंत्राटी कामगारांना त्यांच्या कामाच्या गोष्टी समजावून सांगते. पीएफची रक्कम खात्यात जमा झाली की नाही ते कसे पाहावे, ईएसआयचे कार्ड कसे काढावे, पगाराच्या चिठ्ठीतला कोणता आकडा कशासाठी कापलेला असतो, असे तिचे विषय. या चित्रफिती ती यूट्यूबवर टाकते. तिला ऐकणारे अकरा हजार आहेत. सिनेमाच्या गाण्याला कोटी माणसे मिळतात, त्या मानाने हा आकडा काहीच नाही. पण ज्याचा पीएफ बुडाला आहे त्याला कोटीशी काय करायचे?

मागच्या वर्षी ती माझ्याकडे आली. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीने तिला विचारले होते, की आमच्या कर्जाबद्दल चार चांगले शब्द बोला, एका चित्रफितीचे चाळीस हजार देऊ. तिच्या हाती महिन्याला पडणारा पगार याच्या निम्म्याहून कमी. तिने मला विचारले, "काका, घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. का दिले नाही ते शेवटी सांगेन. मध्यंतरी मी वाचनालयात बसलो आणि हा प्रश्न याआधी कोणाकोणाला पडला होता ते शोधले. तो पुष्कळांना पडला होता असे आढळले.

टपालाचे दिवस

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. तेव्हापासून मराठी पत्रांचा पैशाचा इतिहास म्हणजे बव्हंशी थकलेल्या वर्गणीचा इतिहास आहे. वाचणारे दहा, पैसे देणारा एक, आणि तोही पुढच्या हप्त्याला. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. ची पद्धत आणि १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली, तेव्हा संपादकांना मोठाच दिलासा मिळाला. आता गावोगावचा वाचक दोन रुपये पाठवू शकत होता. अर्थात व्ही. पी. दारात आली म्हणजे ती परत पाठविण्याची कलाही लोक त्याच वेळी शिकले. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. छोट्या वाचकवर्गावर पत्र चालायचे तर नुसते चांगले लिहून भागत नाही. थोडे पैसे थोड्या खर्चात एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची सोय लागते. ही सोय ज्याच्या हाती, त्याच्या हाती पत्राची मान.

१८७७ मध्येच कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ काढले. शेतकरी आणि बहुजन समाजासाठी काढलेले पत्र. त्यांचा वाचक गरीब, बराचसा निरक्षर. पत्र पैशाच्या तंगीत सापडले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतले. हेच लोखंडे पुढे १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करतात, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळते. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस ही तारीख जाणतो. पण त्या सुट्टीच्या मागे दहा वर्षे रखडत चालविलेले एक पत्र होते हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या समाजाला जाहिरातदार विचारीत नाही, त्या समाजाचे पत्र वर्गणीशिवाय आणि पदरमोडीशिवाय चालत नाही हा धडा तिथला.

बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढीत. तेही १९२९ मध्ये थांबले. यात वाचकांचा दोष काढू नये. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याने वर्गणी द्यावी कशी? पण आश्रयदात्यावर चालणारे पत्र आणि वर्गणीदारांवर चालणारे पत्र यांच्या प्रकृतीत फरक असतो. आश्रयदाता शाहू महाराजांसारखा थोर असला तरी तो एकच असतो. वर्गणीदार हजार असतात. त्यांतला एक रुसला तर नऊशे नव्याण्णव उरतात.

हे सूत्र ज्या माणसाने पुरे सिद्ध करून दाखविले तो अमेरिकेतला. त्याचे नाव आय. एफ. स्टोन. न्यूयॉर्कमध्ये १९४० मध्ये ‘पी. एम.’ नावाचे, जाहिराती न घेणारे दैनिक निघाले होते. ते १९४८ मध्ये बंद पडले. त्याच्या जागी आलेले पत्रही टिकले नाही आणि तिसरे, ‘डेली कंपास’, १९५२ च्या नोव्हेंबरात बंद झाले. स्टोन बेकार झाले. तो मॅकार्थीचा काळ. डाव्या विचाराच्या माणसाला कोणी दारात उभे करीत नव्हते. वय पंचेचाळिशीकडे आलेले, कान मंद. त्यांनी काय करावे? बंद पडलेल्या पत्रांच्या वर्गणीदारांचे पत्ते त्यांनी मिळविले आणि त्यांना पत्रे लिहिली, की मी चार पानांचे एक साप्ताहिक काढीत आहे, वर्षाची वर्गणी ५ डॉलर.

१७ जानेवारी १९५३ रोजी ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक निघाला तेव्हा ५,३०० वर्गणीदार होते. हिशेब करा : वर्षाचे २६,५०० डॉलर. जाहिरात एकही नाही. लिहिणारा एक, आणि वर्गणीच्या नोंदी ठेवणारी त्याची पत्नी एस्थर. वृत्तपत्रांना टपालात सवलतीचा दर होता, तो त्यांनाही लागू झाला. नाहीतर एवढ्या वर्गणीत अंक पोचला नसता. स्टोन मोठ्या पुढाऱ्यांच्या बैठकीला जात नसत, कोणी बोलावीतही नसे. ते सरकारी अहवाल वाचीत. छापील अहवालाच्या अमुक पानावर सरकार एक बोलते आणि तमुक पानावर दुसरे, हे ते दाखवून देत. कामगार संघटनेत काम केलेल्या माणसाला ही रीत समजते. मालकाचा ताळेबंद नीट वाचणारा एक कारकून दहा भाषणांच्या बरोबरीचा असतो.

एकोणीस वर्षांनी, १९७१ च्या अखेरीस त्यांनी पत्र आपण होऊन बंद केले, तेव्हा वर्गणीदार सुमारे सत्तर हजार झाले होते. वर्गणी तेवढीच, ५ डॉलर. पण मध्ये १९६८ मध्ये हृदयविकारामुळे साप्ताहिकाचे पाक्षिक करावे लागले, हेही सांगितले पाहिजे. एकट्याच्या धंद्यात आजारपणाची रजा नसते.

फुकटाची बाजारपेठ

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे मी गाळतो आणि इंटरनेटवर येतो. टपाल गेले, कागद गेला, छापखाना गेला. सातपूरच्या चाळीत बसून लिहिलेले न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने त्याच क्षणी वाचावे, खर्च जवळजवळ शून्य. कोणालाही वाटावे, की स्टोनसारखी माणसे आता हजारोंनी जगतील. तसे झाले नाही. कारण खर्चाबरोबर किंमतही शून्यावर आली. सगळे फुकट वाटावयाचे आणि भोवती जाहिराती लावावयाच्या अशी रीत पडली.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि २००७ पासून चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नाचा वाटा मिळू लागला. नेहमीच्या चित्रफितीला हा वाटा शंभरातले ५५ रुपये, ४५ कंपनीचे. ऐकायला बरे वाटते. परंतु हे शंभर कशाचे? जाहिरातदार ऐकणाऱ्याची ऐपत पाहून बोली लावतो. परदेशात विमा घेणाऱ्या गृहस्थाची नजर महाग, सातपूरच्या कंत्राटी कामगाराची नजर स्वस्त. म्हणजे ज्याच्या उपयोगाचे आपण बोलतो तो गरीब असेल तर आपली मजुरीही गरीब. पीस-रेटवर काम केलेल्यांना हे नवे नाही. फरक इतकाच, की पीस-रेट निदान फळ्यावर लिहिलेला असतो.

मार्च २००८ मध्ये केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने ‘एक हजार खरे चाहते’ असा विचार मांडला. तो म्हणाला, लाखोंच्या मागे कशाला लागता? एक हजार माणसे अशी मिळवा, की प्रत्येक जण वर्षाला १०० डॉलर तुमच्या कामावर खर्च करील. लाख डॉलर झाले. एका कारागिराला पुष्कळ झाले. मात्र हे पैसे मधल्या दलालाकडे न जाता थेट तुमच्याकडे आले पाहिजेत. या लेखाने पुष्कळांना धीर दिला. पण केलीचा प्रामाणिकपणा असा, की त्याच वर्षी रॉबर्ट रिच या संगीतकाराने अशा थोड्या चाहत्यांवर जगणे प्रत्यक्षात किती ओढाताणीचे असते ते सांगितले, तेव्हा तेही त्याने प्रसिद्ध केले.

माझ्या अनुभवात केलीच्या गणितात एक पायरी गाळलेली आहे. सभेत हात वर करणारे शंभर असतील, तर आपण होऊन फी आणून देणारे दहा. उरलेल्यांपैकी पन्नास देतात, पण त्यांच्याकडे पगाराच्या दिवशी, गेटवर, नाव घेऊन मागावी लागते. आणि यंदा दिलेले पुढल्या वर्षी राहतीलच असे नाही. काही बदली होऊन जातात, काही रागावतात. हजार सभासद म्हणजे गळत्या पिंपात हजार घागरी. पाणी कायम तेवढेच दिसले, तरी भरणाऱ्याचे हात थांबलेले नसतात.

नवे पावतीपुस्तक

वर्गणीची रीत परत आली ती २०१३ च्या सुमारास. जॅक कॉन्टे हा कॅलिफोर्नियातला संगीतकार. त्याने साठवलेले पैसे घालून, महिनोन्महिने खपून एका गाण्याची चित्रफीत केली. लाखो लोकांनी ती पाहिली, आणि जाहिरातीतून हाती आले ते खर्चाच्या मानाने नगण्य. तेव्हा सॅम याम या आपल्या मित्राला घेऊन त्याने मे २०१३ मध्ये पॅट्रिऑन सुरू केले. ज्याला काम आवडते त्याने दरमहा एक, दोन, पाच डॉलर द्यावेत. कंपनी त्यातून आपली आडत कापून घेईल.

त्याच वर्षी अँड्र्यू सलिव्हन या पत्रकाराने आपले ‘द डिश’ हे पत्र मोठ्या संस्थेतून बाहेर काढले आणि वाचकांकडे वर्षाला १९.९९ डॉलर मागितले. पहिल्या चोवीस तासांत सुमारे ३ लाख ३३ हजार डॉलर जमले. २०१४ मध्ये बेन थॉम्पसन याने तैपेई येथे बसून, फक्त संगणक-उद्योगाच्या धोरणावर लिहिणाऱ्या आपल्या ‘स्ट्रॅटेचरी’ला वर्गणी लावली, आणि ती चालली. २०१७ मध्ये सबस्टॅक ही कंपनी निघाली. तिचा पहिला लेखक बिल बिशप केवळ चीनविषयक बातम्या देणारा होता. तिची आडत शेकडा दहा. विषय जितका अरुंद, तितका त्यातला वाचक पैसे द्यायला तयार, हे यावरून दिसले. कारण त्याला ती गोष्ट दुसरीकडे मिळत नाही. मात्र हेही पाहा, की या यशस्वी उदाहरणांतला वाचक बहुधा व्यापारी, अधिकारी, गुंतवणूकदार. त्याची वर्गणी बहुतेकदा त्याची कचेरी भरते. पीएफ बुडालेल्या माणसाची वर्गणी कोण भरणार?

आणि सलिव्हन? वर्गणीदार तीस हजारांवर गेले असताना त्याने २०१५ च्या फेब्रुवारीत पत्र बंद केले. पैसे संपले म्हणून नव्हे. पंधरा वर्षे रोज लिहून माणूस थकला म्हणून. लोखंड्यांनी १८९० मध्ये मिळवून दिलेला रविवार या धंद्यात अजून कोणी मिळवलेला नाही.

जागेचा मालक

आता तिसरा पक्ष. वर्गणीदार आहे, जाहिरातदार आहे, आणि ज्याच्या जागेवर आपण पथारी मांडली तो जागेचा मालक आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिले, की मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती यूट्यूबवर अतिरेकी चित्रफितींच्या शेजारी लागत आहेत. बड्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. मार पडला तो ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता अशा लहान लोकांना. एका महिन्यात उत्पन्न निम्म्यावर, कारण कोणी सांगेना. २०१८ च्या आरंभी कंपनीने नियम केला, की १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तास पाहणी झाली असेल त्यालाच वाटा मिळेल. ज्यांचा वाचकवर्ग मुळातच चिमुकला, ते दाराबाहेर.

पॅट्रिऑनचेही तसेच. डिसेंबर २०१७ मध्ये तिने जाहीर केले, की यापुढे प्रत्येक देणगीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट देणगीदाराकडून घेऊ. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट पडणार. शंभर डॉलरवाल्याला फरक जाणवत नव्हता. एक डॉलरवाले मात्र भराभर नावे काढू लागले. लहान कलावंत ज्यांच्यावर जगतात ते हेच एक डॉलरवाले. असा ओरडा झाला, की त्याच महिन्याच्या १३ तारखेला कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. मी हे वाचले तेव्हा मला बरे वाटले. कोणी संप पुकारला नव्हता, मोर्चा नव्हता. पण एकाच वेळी हजारोंनी नकार दिला की मालक मागे येतो, हा नियम तिथेही लागू पडला.

आपल्याकडचा दाखला तर ताजा आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपे बंद केली. निर्णय बरोबर की चूक हा माझा विषय नाही. खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले-मुली त्यावर नाव कमावून बसली होती. एका रात्रीत लाखांचे श्रोते गेले, कारण श्रोत्यांची यादी मुलांच्या हाती नव्हती, जागेच्या मालकाच्या हाती होती. स्टोनची नोकरी गेली, पत्र बंद पडले, तरी त्याने पत्त्यांची यादी मिळविली आणि पाच हजार माणसांना पुन्हा हाक मारली. आमच्या पोरांना हाक मारायला पत्ताच नव्हता.

एकट्याने की मिळून?

या लोकांची संघटना होऊ शकते काय? प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत २०१६ मध्ये हँक ग्रीन याने इंटरनेटवरील निर्मात्यांचा एक संघ काढला. पुरेसे सभासद मिळाले नाहीत म्हणून जुलै २०१९ मध्ये तो बंद झाला. त्याच महिन्यात जर्मनीत वेगळे घडले. यॉर्ग श्प्राफे हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ नाना तऱ्हेच्या बेचक्या बनवून यूट्यूबवर दाखवीत असे. बेचकी! याहून अरुंद विषय कोणता? पण त्याचे चाहते वीस लाखांवर गेले. जाहिरातीचे उत्पन्न कोसळल्यावर त्याने मार्च २०१८ मध्ये ‘यूट्यूबर्स युनियन’ सुरू केली, आणि जुलै २०१९ मध्ये ‘इ. गे. मेटाल’ ही जर्मनीतली सर्वांत मोठी कामगार संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. मोटार आणि पोलाद कारखान्यांतली, वीस लाखांहून अधिक सभासदांची ही संघटना.

मागण्या काय होत्या? पगारवाढ नव्हे. नियम सगळे उघड करा. चित्रफीत नापसंत केली तर कारण सांगा. बोलायला माणूस द्या, यंत्र नको. वाद झाला तर तटस्थ लवाद नेमा. म्हणजे आमच्या भाषेत स्थायी आदेश, कारणे दाखवा नोटीस आणि चौकशी. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत ज्या गोष्टींसाठी भांडलो त्याच. गुगलने संघटनेच्या लोकांना बर्लिनला भेटायला बोलावले, पण खुद्द यूट्यूबरांच्या प्रतिनिधींना आत घेण्यास नकार दिला. ती भेट झाली नाही. गेटवरच्या कामगाराला बाहेर ठेवून वरच्या साहेबांशी बोलण्याची ही युक्तीही आमच्या परिचयाची. तरी काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये ‘फेअरट्यूब’ ही त्यांची नोंदलेली संस्था झाली. आणि युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने, जो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला, मजकूर काढताना किंवा त्याचे उत्पन्न रोखताना कारण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

माझे पत्रक

आता त्या मुलीला मी लगेच उत्तर का दिले नाही ते सांगतो.

१९९६ मध्ये आम्ही सातपुरात कंत्राटी कामगारांसाठी चार पानी पत्रक काढीत होतो. सायक्लोस्टाइलवर चारशे प्रती, किंमत १ रुपया. मीच लिहायचे, मीच रोलर फिरवायचा, मीच गेटवर विकायचे. तोटा होई, पण फार नाही. वर्षभराने एक गृहस्थ आले. त्यांच्या नात्यातल्या माणसाची भिशी होती, तिची जाहिरात द्यायची होती. महिन्याला सहाशे रुपये. मी घेतले. त्यात काही पाप आहे असे मला वाटले नाही. कागद-शाईचा खर्च निघाला. त्यामुळे झाले असे, की गेटवर उभे राहून रुपया-रुपया मागण्याचा मला कंटाळा येऊ लागला. अंक तसेच वाटून टाकू लागलो.

तिसऱ्या महिन्यात दोन कामगार माझ्याकडे आले. त्यांच्या कंत्राटदाराने पीएफ कापून घेतला होता, भरला नव्हता. कंत्राटदार म्हणजे तेच गृहस्थ. मी बातमी लिहिली. पण अंकाला अर्धे पान जाहिरात होती, तिचे पैसे अजून यायचे होते. मी स्वतःला समजावले, की कागदपत्रे नीट जमू देत, पुढच्या अंकात घेऊ. पुढच्या अंकात घेतलीही. पण मधल्या एका महिन्यात गेटवर सर्वांना कळले होते, की ही बातमी माझ्या खिशात होती आणि मी ती दाबून धरली. त्या अंकाच्या चारशे प्रतींपैकी साठही कोणी हातात घेतल्या नाहीत. कोणी शिवी दिली नाही. नुसते बाजूने निघून गेले. पत्रक तिथेच बंद पडले. संघटना पुन्हा उभी करायला मला चार वर्षे लागली.

ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. घे किंवा घेऊ नको, असे म्हणालो नाही. ज्याच्या घरात चाळीस हजार कधी एकदम आले नाहीत, त्याला त्यागाचा उपदेश करणे सोपे आहे. एवढेच म्हणालो, की तुझे ऐकणारे लोक पगाराच्या चिठ्ठीतली कपात समजून घ्यायला तुझ्याकडे येतात. उद्या त्यांच्या पगारातून कर्जाचा हप्ता कापला जाऊ लागला, तर ते कोणाकडे जातील?

तिने जाहिरात नाकारली. मग आम्ही दोघे वर्गणीच्या हिशेबाला बसलो. आपल्या देशात एक सोय अमेरिकेपेक्षा चांगली आहे. २०१६ पासून यूपीआय आले आणि २०२० पासून त्यावर दुकानदाराकडूनही शुल्क घेत नाहीत. वीस रुपये पाठवले तर वीसच्या वीस पोचतात. तिथल्या ३५ सेंटची भानगड नाही. एक अडचण मात्र आहे. दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची सवय आपल्या माणसाला नाही, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले तेव्हा कार्डावरच्या पुष्कळ वर्गण्या अडल्याही होत्या. म्हणून तिने दर महिन्याच्या दहा तारखेला, पगार झाल्यावर, सरळ मागायचे ठरविले. जो देईल त्याचे नाव वहीत, आणि त्याची परवानगी घेऊन त्याचा फोन नंबरही वहीत. यूट्यूब उद्या बंद झाले तरी वही राहील.

पहिल्या महिन्यात १६३ जणांनी वीस-वीस रुपये दिले. ३,२६० रुपये झाले. अकरा हजारांतले १६३! यात पोट भरत नाही, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही. ती आजही पॅकिंग खात्यात जाते. हजार माणसे दरमहा वीस रुपये देऊ लागली, तर महिन्याचे २०,००० होतील आणि तिला नोकरी सोडण्याचा विचार तरी करता येईल. तोवर ही अर्धी रोजी आहे आणि दुप्पट श्रम आहेत.

तात्पर्य काय? या इतिहासातून मला तीन प्रश्न सापडले. थोड्या लोकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःला विचारावेत. माझे पैसे कोण देतो, ऐकणारा की ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक समजणारा? ऐकणाऱ्यांची यादी कोणाच्या हाती आहे? आणि मालकाने दार लावले तर माझ्या शेजारी कोण उभे राहील? पहिल्याचे उत्तर स्टोनने दिले, दुसऱ्याचेही त्यानेच दिले. तिसऱ्याचे उत्तर जर्मनीतल्या बेचकीवाल्याने शोधायला घेतले आहे. आपल्याकडे ते अजून कोणी हाती घेतलेले नाही. आमच्या संघटनांनी ते घ्यावे असे मला वाटते, आणि त्याबद्दल मी आमच्या मंडळींशी भांडतो आहे.

चौथा प्रश्न मात्र तुम्हाला आहे. ही व्याख्यानमाला ऐकायला पैसे लागत नाहीत. ती कोणाच्या तरी देणग्यांवर चालते. फुकट ऐकण्याची आपणा सर्वांना सवय आहे, मलाही आहे. ज्याच्या बोलण्याने आपला एखादा हक्क वाचला, एखादा पीएफ सुटला, त्याला आपण शेवटचे पैसे कधी दिले? घरी जाताना एवढा विचार करावा. दहा तारीख दर महिन्याला येते.